पिंजऱ्याआधीची कामे : बिबट्याच्या वाटेवरच्या सोसायट्यांसाठी

सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे सीसीटीव्हीची धूसर क्लिप येते. पार्किंगच्या भिंतीवरून काहीतरी ठिपक्याठिपक्यांचे उडी मारून पलीकडे जाते. चहा होईपर्यंत तीन मागण्या लिहून झालेल्या असतात : वनखात्याला कळवा, पिंजरा लावा, जनावर लांबच्या जंगलात नेऊन सोडा. पहिली मागणी योग्य आहे. पुढच्या दोन बहुतेक वेळा मान्य होत नाहीत. मग ‘खाते काही करत नाही’ अशी चर्चा सुरू होते आणि जे आपल्या हातात होते ते राहून जाते.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या पायथ्याशी, कल्याण पूर्वेत, मलंगगडाच्या बाजूला किंवा बदलापूरकडच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः खाण्यासाठी, आणि ते खाणे वस्तीच पुरवते. त्यामुळे बिबट्याविषयीच्या सरकारी धोरणातला मोठा वाटा प्रत्यक्षात सोसायटीची कमिटी, महापालिकेचे प्रभाग कार्यालय आणि पोलिस यांच्याकडे येतो. खात्याचे काम त्यानंतर सुरू होते.

तो इथे कसा?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याचा पूर्वेकडचा उतार, म्हणजे येऊरचा डोंगर, थेट ठाणे शहरात उतरतो. घोडबंदर रस्त्याने उद्यानाचा नागला बंदराकडचा तुकडा मुख्य जंगलापासून वेगळा केला आहे. खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. या उद्यानातल्या अभ्यासात २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबट्यांची नोंद झाली. कल्याणच्या बाजूला मलंगगड आणि माथेरानची डोंगररांग, बारवी धरणाभोवतीचे जंगल आणि पुढे मुरबाड-शहापूरचा पट्टा आहे. नाले, नदीकाठ आणि मोकळी माळराने धरून जनावर रात्रीत बरेच अंतर कापते.

वयात येणारा नर बिबट्या दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा टापू शोधत हिंडतो. वाट चुकून इमारतीत अडकणारे अनेकदा असेच तरुण असतात. मात्र वस्तीच्या कडेने नियमित फिरणाऱ्या बिबट्याचे कारण वेगळे असते. उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात असे दिसले, की त्यांच्या आहाराचा जवळपास पाव भाग कुत्र्यांचा आहे. कुत्री जमतात कचऱ्यावर, चिकन-मटणाच्या दुकानांमागे टाकलेल्या आतड्या-पिसांवर आणि रात्री रस्त्यावर ओतलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर. डुकरे आणि उंदीरही तिथेच येतात. ही साखळी तुटली नाही, तर आजचा बिबट्या नेऊनही उपयोग होत नाही. जागा चांगली आहे, हे दुसऱ्या बिबट्याला लवकरच कळते.

हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नाही. उत्तर अमेरिकेत काळी अस्वले वस्तीत शिरतात, तेव्हा तिथली राज्य सरकारेही नागरिकांना आधी कचऱ्याचे डबे अस्वलाला उघडता येणार नाहीत असे ठेवायला आणि अंगणातले पक्ष्यांचे दाणे काढून घ्यायला सांगतात. पकडून लांब सोडलेली अस्वले पुन्हा परत येतात, हे त्यांनीही पाहिले आहे.

पकडून लांब का सोडत नाहीत?

याचे उत्तर महाराष्ट्राने फार महाग किंमत देऊन शिकलेले आहे. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा हिशेब मांडला. मोहिमेपूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात बिथरलेले जनावर माणसांच्या अधिक जवळ येते. त्याच्या रिकाम्या झालेल्या टापूत नवे, तितकेच अनोळखी जनावर शिरते. त्याच काळात मुंबईच्या उद्यानाभोवतीही हल्ले वाढले आणि २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी कळस गाठला.

बिबट्या सोडलेल्या ठिकाणी थांबत नाही, याचा पुरावा तर ठाणे जिल्ह्यातूनच चालत गेला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले. या आजोबांनी कसाऱ्याची रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला, खाडी पोहून गेले आणि सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून संजय गांधी उद्यान गाठले. वाटेत त्यांनी कुणाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

या सगळ्यातून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची २०११ ची बिबट्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. नुसता दिसला म्हणून पकडायचा नाही. पकडावाच लागला, तर तपासणी करून लवकरात लवकर त्याच परिसरातल्या जंगलात सोडायचा. गर्दीवर नियंत्रण पोलिसांनी ठेवायचे. याच वर्षी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे (एसजीएनपी) तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. रहिवासी, पोलिस, महापालिका, अभ्यासक आणि पत्रकार यांना एका टेबलाशी आणून पकडापकडीवरचा भर माहितीवर आणि कचऱ्यावर वळवण्यात आला.

कायद्याची चौकट

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कलम ११ प्रमाणे जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले असेल किंवा बरे न होण्याइतके जायबंदी, आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे लेखी नोंदवून त्याला पकडण्याची किंवा मारण्याची परवानगी देतात. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश निघत नाही. असे आदेश निघतात, हेही खरे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लागोपाठ मृत्यू झाल्यावर बिबट्याला गोळी घालण्यात आली. आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, खऱ्या हेतूने, हातून जनावर मेले तर तो गुन्हा ठरत नाही, अशी तरतूदही याच कलमात आहे.

याचा सोसायटीसाठी अर्थ असा, की ‘पिंजरा लावा’ एवढ्या पत्राने काही होणार नाही. पत्रात घटना लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, काय केले, कुणाला इजा झाली का, कुत्रे-शेळी नेली का, फुटेज आहे का. एकाच ठिकाणी वारंवार, दिवसाउजेडी, माणसाला न घाबरता फिरणारे जनावर आणि रात्री दोन वाजता भिंतीवरून निघून गेलेले जनावर यांत खात्यासाठी मोठा फरक असतो. तुमच्या नोंदींमुळे तो कळतो.

कमिटीने आधी करायची कामे

ही कामे कंटाळवाणी आहेत. फरक मात्र यांनीच पडतो.

कचरा : ओल्या कचऱ्याचे डबे झाकणाचे आणि जाळीच्या खोलीत ठेवा. घंटागाडी सकाळी येते म्हणून रात्रीच गेटबाहेर पिशव्या ठेवण्याची सवय बंद करा. जवळच्या नाल्यात चिकन-मटणाचा कचरा पडत असेल, तर फोटो आणि जागेसह ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला लेखी तक्रार द्या. एका सोसायटीच्या पत्रापेक्षा रस्त्यावरच्या पाच सोसायट्यांच्या एकत्रित पत्राचे वजन अधिक.

कुत्री : भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही महापालिकेची जबाबदारी आहे. त्यासाठी पाठपुरावा करा. खायला घालणाऱ्यांशी भांडण्याऐवजी जागा आणि वेळ ठरवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ही जबाबदारी रहिवासी संघटनेवर टाकलेली आहे. खेळायची जागा, जिना आणि प्रवेशद्वार यांपासून दूर, दिवसाउजेडी घाला आणि उरलेले लगेच उचला. जंगलाच्या कडेच्या सोसायटीत अंधार पडल्यावर भांडी भरून ठेवणे म्हणजे बिबट्याला पत्ता देणे आहे. पाळलेला कुत्रा रात्री बाहेर बांधू नका. रात्री फिरवावाच लागला, तर आखूड पट्टा आणि टॉर्च हवा. अशा वेळी बिबट्याचे लक्ष्य कुत्रा असतो आणि माणूस मध्ये सापडतो.

जागा : कुंपणालगतचे गवत आणि झुडपे कापून घ्या. मागच्या भिंतीला, पार्किंगच्या कोपऱ्याला, पंपरूमला दिवा हवा. बंद पडलेले बांधकाम, भंगारात उभ्या गाड्या, जिन्याखालच्या अडगळीच्या खोल्या यांची दारे बंद राहतील असे पाहा. भिंत उंच करून बिबट्या थांबत नाही, तो चढतो. दिवसा लपायला मात्र त्याला आडोसा लागतो. तो राहू देऊ नका.

माणसे : रात्रपाळीचा वॉचमन उघड्यावर जमिनीवर किंवा खाटेवर झोपत असेल, तर त्याला दार लागणारी केबिन द्या. त्याच्याकडे टॉर्च, शिट्टी आणि वनखात्याचा नंबर असायला हवा. अंधार पडल्यावर लहान मुले एकटी बागेत राहणार नाहीत, अशी बागेची वेळ ठेवा. येऊरच्या रस्त्यावर पहाटे फिरणाऱ्यांनी उजाडल्यावर, गटाने आणि कानात इयरफोन न घालता जावे.

समोर आला तर

बिबट्या माणसाकडे सहसा शिकार म्हणून पाहत नाही. उभा, मोठा दिसणारा माणूस त्याला टाळायचा असतो. म्हणूनच पळू नका आणि पाठ दाखवू नका. पळणाऱ्याच्या मागे धावणे ही मांजरकुळाची सवय आहे. लहान मूल सोबत असेल तर त्याला उचलून घ्या, पण वाकताना नजर जनावरावरून काढू नका. हात वर करून, मोठ्याने बोलत, सावकाश मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. दगड मारणे, फटाके फोडणे, फ्लॅश टाकत जवळ जाणे हे सगळे त्याला बचावाचा हल्ला करायला भाग पाडते. हल्ला झालाच, तर खाली बसू नका. हातातल्या काठीने, बॅगेने, छत्रीने प्रतिकार करा आणि ओरडा.

जखम झाली, तर ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. ओरखडा लहान दिसला, तरी रेबीज आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचाराच. जंगली जनावराचा चावा झाल्याचे केसपेपरवर लिहून घ्या, पुढे भरपाईसाठी तो कागद लागतो.

इमारतीत शिरला तर

२० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे ठाण्याच्या समतानगरजवळच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या फिरताना कॅमेऱ्यात दिसला. नंतर तो शेजारच्या एका हॉटेलात अडकला आणि उद्यानाच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले आणि त्याला पकडायला कित्येक तास लागले. अशा घटनांत जनावराइतकाच त्रास गर्दीचा होतो. शेकडो माणसे गॅलऱ्यांत, गच्च्यांवर, रस्त्यावर मोबाइल घेऊन उभी असली, की बिबट्याला सुटकेची वाट उरत नाही आणि पथकाला भुलीचे इंजेक्शन मारायला कोन मिळत नाही.

भुलीचे इंजेक्शन लागल्यावर जनावर लगेच कोसळत नाही, बरीच मिनिटे जातात. त्या काळात ते सर्वांत धोकादायक असते. म्हणून पशुवैद्यक येईपर्यंत, जाळी लागेपर्यंत आणि गर्दी हटेपर्यंत पथक थांबते. याला दिरंगाई म्हणू नका.

त्या तासाभरात कमिटीने पुढील क्रम पाळावा :

१. वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर आणि पोलिसांच्या ११२ वर एकाच वेळी फोन करा. इमारतीचे नाव, मजला, शेवटचे दर्शन कुठे, जखमी आहेत का, एवढे सांगा.

२. ग्रुपवर एकच संदेश : घराची दारे बंद करा, जिन्यात आणि लिफ्टजवळ येऊ नका. ‘बघायला या’ असे व्हिडिओ टाकू नका.

३. जनावर खोलीत अडकले असेल, तर दार बाहेरून बंद करा आणि कुणालाही डोकावू देऊ नका. उघड्यावर असेल, तर जंगलाच्या बाजूची फाटके उघडी ठेवा आणि त्या वाटेवरची माणसे, गाड्या हटवा.

४. रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना कळवा. त्यांची गर्दी त्यांनी रोखायची.

५. पथकाला इमारतीचा नकाशा, किल्ल्या आणि सीसीटीव्ही पाहणारा एक माणूस द्या. बाकीच्यांनी घरात बसावे.

पाड्यांत, गोठ्यांत

येऊरचे पाडे, शहापूर-मुरबाडच्या वाड्या आणि आरेतल्या वस्त्या या भागात बिबट्यासोबत पिढ्यानपिढ्या राहत आल्या आहेत. वारल्यांमध्ये वाघोबाची पूजा होते आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. त्या भक्तीसोबत सवयींचे शहाणपणही आहे : अंधारात एकट्याने न जाणे, बोलत, आवाज करत चालणे, मुलांना मध्ये ठेवणे. आजच्या काळात त्यात तीन गोष्टींची भर घाला. घराजवळ वापरता येईल असे शौचालय हवे, कारण अंधारात खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. रस्त्यावर दिवे हवेत. शेळ्या-कोंबड्यांसाठी वरूनही बंद असलेला, मजबूत जाळीचा, दाराला कडी असलेला गोठा हवा. कुडाच्या भिंती बिबट्या सहज फोडतो.

बछडी दिसली, तर हात लावू नका आणि उचलून घरी आणू नका. आई जवळच असते किंवा रात्री परत येते. खात्याला कळवा आणि जागा मोकळी ठेवा. पथक पिल्लांची तपासणी करून त्यांना त्याच जागी ठेवते आणि कॅमेरा लावून आईची वाट पाहते. जुन्नरच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या मदतीने अशा कितीतरी भेटी घडवून आणल्या गेल्या आहेत.

भरपाई

राज्य सरकारच्या २०२३ च्या निर्णयानुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख, गंभीर जखमी झाल्यास पाच लाख आणि किरकोळ जखमेसाठी औषधोपचाराचा खर्च कमाल ५० हजारांपर्यंत मिळतो. गाय, बैल, म्हैस मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांपैकी जे कमी असेल ते. शेळी-मेंढीसाठी हीच मर्यादा १५ हजारांची आहे.

दावा बुडतो तो बहुधा उशिरामुळे. घटना त्याच दिवशी, उशिरात उशिरा ४८ तासांत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयाला कळवा. मेलेले जनावर पंचनामा होईपर्यंत हलवू नका. फोटो काढून ठेवा आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्या. तक्रार द्यायचे कार्यालय कोणते, हेही आधी माहीत हवे. येऊरचा डोंगर आणि जंगल उद्यानाच्या येऊर वनपरिक्षेत्राकडे आहे, तर उद्यानाबाहेरचा कल्याण-बदलापूरचा भाग ठाणे वनविभागाच्या प्रादेशिक कार्यालयांकडे.

खरी बातमी कोणती?

जुनी क्लिप नव्या जागेच्या नावाने फिरवणे सोपे होतेच, आता एआयने बनवलेले बिबटेही गल्लीबोळांत दिसू लागले आहेत. खोट्या बातमीने पथकाचा वेळ जातो आणि खरी घटना मागे राहते. पुढे पाठवण्याआधी मूळ क्लिप कुणाकडून आली, वेळ-तारीख दिसते का, ती भिंत आपल्याच आवारातली आहे का, हे तपासा. ठसा सापडला, तर नाणे किंवा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि त्यावर बादली उपडी घाला, म्हणजे तो पुसला जाणार नाही. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या नखे आत घेऊन चालतो, त्यामुळे त्याच्या ठशात त्या सहसा नसतात आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. शंका असेल, तर निर्णय वनरक्षकावर सोडा.

पुढच्या बैठकीचा अजेंडा

हा लेख वाचून झाल्यावर कमिटीच्या पुढच्या बैठकीत पाच ठराव करता येतील. कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि झाकणे. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा, वेळ आणि जबाबदार माणूस. कुंपणाची सफाई आणि दिवे, अंदाजपत्रकासह. वॉचमनची केबिन, टॉर्च आणि गेटजवळ मोठ्या अक्षरांत १९२६ व ११२. आणि प्रसंग आलाच तर फोन कोण करणार, ग्रुपवर कोण लिहिणार, पथकासोबत कोण राहणार यांची तीन नावे. शेजारच्या सोसायट्यांना घेऊन वर्षातून एकदा वनरक्षकांना तासाभराच्या माहितीसत्रासाठी बोलवा. पहिले सत्र पावसाळ्यापूर्वी घ्या, कारण नंतर झुडपे वाढतात आणि ती कापायला माळी मिळत नाही.